फ्रीस्टाइल नंतर, आधी उताणं हो!

मुलांना समर बॅचला घालताय? मग कोचला फी आणि टायमिंगशिवाय आणखी एक प्रश्न विचारा...

एप्रिल उजाडला की आपल्याकडे तीन विषय हमखास निघतात. हापूसचा भाव, ऑफिसातलं अप्रेझल आणि ज्यांच्या घरी चार ते आठ वर्षांचं कार्टं आहे त्यांच्यात स्विमिंगची बॅच. सकाळी सातची मिळाली का? पाण्यात क्लोरीन फार मारतात का हो? आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकवीस दिवसांत येतं ना पोहायला? मग एकविसाव्या दिवशी आई-बाबा मोबाइल सरसावून कठड्यावर हजर. पोरगं गॉगल, कॅप, नवाकोरा कॉश्च्यूम अशा थाटात या टोकाहून निघतं, पाय आपटत, मान वळवत त्या टोकाला पोचतं. टाळ्या! व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर. 'शाब्बास, आता पाण्याची काही भीती नाही,' असा आजीचा मेसेज.

भीती नाही? हेच पोरगं गॉगल नसताना, जीन्स आणि सँडल घातलेले असताना, पाठमोरं, कुणीही 'रेडी, स्टेडी, गो' न म्हणता पाण्यात पडलं तर? फ्रीस्टाइल मारेल?

बहुतेक मुलं मारत नाहीत. गडबडतात, तोंड उघडतात, नाकातोंडात पाणी जातं आणि शिकलेलं सगळं तिथेच विरघळतं. पोहता येणं ही एक गोष्ट आहे आणि पाण्यात पडल्यावर जिवंत बाहेर येणं ही दुसरी. आपण पैसे भरतो पहिलीचे आणि घरी जातो दुसरी मिळाली असं समजून.

कुणीच ओरडत नाही

या बाबतीत सिनेमाने आपलं मोठं नुकसान केलंय. पडद्यावर माणूस बुडतो तो दोन्ही हात हलवत, 'बचाओ, बचाओ' ओरडत. हीरोला शर्ट काढून सूर मारण्याइतका वेळही मिळतो. खरं बुडणं असं नसतं. फ्रँक पिया नावाचा लाइफगार्ड न्यूयॉर्कमधल्या ऑर्चर्ड बीचवर काम करायचा. बुडणारी माणसं नेमकं काय करतात याचं त्याने चित्रीकरण केलं आणि १९७०च्या दशकात त्याचा अभ्यास मांडला. बुडणारा ओरडत नाही, कारण ओरडायला श्वास लागतो आणि तोंड पाण्यावर येतं त्या क्षणभरात त्याला फक्त श्वास घ्यायचा असतो. हात हलवून बोलावता येत नाही, कारण हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत असतात. अंग उभं, मान मागे, नजर कुठेच नाही. हा सगळा खेळ वीस ते साठ सेकंदांचा.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सांगितलेला प्रसंग. फॅमिली डे, शहराबाहेरचं एक रिसॉर्ट. पूलभोवती डझनभर मोठी माणसं, एकीकडे भजी, एकीकडे डीजे. तिचा तीन वर्षांचा मुलगा चिप्स खायला पाण्याबाहेर आला, म्हणून दंडावरचे फुगे काढले. चिप्स संपल्यावर साहेब पुन्हा पाण्याकडे गेले. फुगे टेबलावर. पाण्यात पडल्याचा आवाज कुणालाच आला नाही. टॉवेल गोळा करणाऱ्या एका पोऱ्याचं लक्ष गेलं म्हणून मुलगा आज बालवाडीत आहे. मैत्रिणीला सगळ्यात जास्त काय टोचतं? मुलापासून पाच फुटांवर तीन जण पाण्यातच उभे होते. त्यातल्या एकाला तर वाटलं होतं, पोरगं मस्त खेळतंय.

आकडे फार देत नाही, पण एवढे बघाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालाप्रमाणे २०२१मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली, आणि त्यांत दर चौघांतलं एक पाच वर्षांखालचं मूल होतं. एक ते चार या वयात मृत्यूच्या कारणांमध्ये बुडणं चौथं, पाच ते चौदामध्ये तिसरं. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात सर्व वयांचे मिळून ३८ हजारांहून जास्त बुडून मृत्यू राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने मोजले.

आणि यासाठी पूलच लागतो असंही नाही. रांगणाऱ्या, नुकत्याच चालायला लागलेल्या बाळाचं डोकं बाकी अंगाच्या मानाने जड असतं. बादलीत वाकून बघताना ते डोक्यावर आत जातं आणि स्वतःला वर ओढायची ताकद हातांत नसते. पाणी वीतभर असलं तरी पुरतं. पाणी जाईल म्हणून रात्री भरून ठेवलेली बादली, गॅलरीतलं पिंप, बाळाचा आंघोळीचा टब... दोन वर्षांचं मूल घरात असेल तर बाथरूमच्या दाराला वरची कडी हा सगळ्यात स्वस्त स्विमिंग क्लास आहे. वापरून झालं की बादली पालथी. बास.

खेकडा, कावळे आणि कोपर

गेल्या उन्हाळ्यात भाचीला बॅचला पोचवायची ड्युटी माझ्याकडे आली. तिचे आई-बाबा दोघंही सकाळच्या शिफ्टला, आणि मावशी 'वर्क फ्रॉम होम', म्हणजे घरच्यांच्या मते रिकामटेकडी! भाचीबाई साडेचार वर्षांच्या. कोच साठीला टेकलेले, काळेकभिन्न, गळ्यात शिट्टी. पोरं त्यांना सर म्हणायची आणि ते सगळ्यांनाच 'ए पिल्ल्या' म्हणायचे.

पहिल्या दिवशी सरांनी कुणाला पाण्यात उतरवलंच नाही. सगळी पोरं कठड्यापासून चार पावलं मागे, मांडी घालून. धडा एकच. पाण्यात जायच्या आधी विचारायचं, 'सर, उतरू का?' उत्तर मिळेपर्यंत जागचं हलायचं नाही. मग सरांनी एक लाल बॉल पाण्यात टाकला आणि म्हणाले, ''आणा रे कोणीतरी.'' दोन पोरं उठून धावली. शिट्टी! पुन्हा मागे. असं सहा-सात वेळा झाल्यावर पोरं जागेवरूनच किंचाळायला लागली, ''सर, बॉल पडला!'' सर खूश. बाकी पालक घड्याळं बघत होते. मला मात्र वाटलं, पैसे इथेच वसूल झाले. लहान मुलं पाण्यात पडतात ती पोहायची हौस म्हणून थोडीच? बॉल, चप्पल, बदक, चमकणारं काहीतरी... त्यामागे जातात.

दुसऱ्या दिवसापासून 'खेकडा'. दोन्ही हातांनी कठडा धरून पाण्यात लोंबकळायचं आणि तसंच आडवं सरकत पायऱ्यांपर्यंत जायचं. खोल भागातसुद्धा. पायऱ्या लांब असतील तर जिथे आहोत तिथूनच वर चढायचं : कोपर, कोपर, पोट, गुडघा. मोठ्यांना हे हास्यास्पद वाटतं, पण चार वर्षांच्या मुलाला पूलच्या कडेवरून स्वतःचं ओलं वजन वर उचलता येणं हे सोपं काम नाही. कठड्याला हात लागूनही वर येता न आलेलं मूल थकून खाली जातं.

मग आला तो उताणं होण्याचा आठवडा. काय रडारड! कारण उताणं झालं की कानात पाणी जातं, आवाज बदलतो, आई दिसत नाही. पोरं मान उचलून आईला शोधतात, आणि मान उचलली की कंबर बुडते, कंबर बुडली की सगळंच बुडतं. सर डोक्याखाली फक्त तळहात ठेवायचे. ''पोट वर, हनुवटी वर, कान पाण्यात. आता कावळे मोज.'' आमच्या पूलवर छप्पर नाही, त्यामुळे कावळ्यांना तोटा नाही. भाची पहिले तीन दिवस एका कावळ्याच्या पुढे गेली नाही. सहाव्या दिवशी अकरा कावळे झाले तेव्हा सरांचा हात खाली नव्हता, हे तिला माहीतच नव्हतं.

यातलं शास्त्र साधं आहे. छातीत हवा भरली की छाती तरंगते. बारीक मुलांचे पाय खाली जातात, जाऊ देत. नाक आणि तोंड पाण्याबाहेर राहिलं की काम झालं. पालथं पोहणाऱ्याला दर श्वासासाठी मान वळवायचं तंत्र लागतं. उताण्या माणसाचं नाक आधीच आभाळाकडे असतं. दमलं, घाबरलं, ठसका लागला तरी थांबायला जागा मिळते. ब्रिटनमधली किनाऱ्यावरची बचावसंस्था, आरएनएलआय, मोठ्यांनाही हेच सांगते. अचानक पाण्यात पडलात तर आधी हातपाय मारू नका, तरंगा, श्वास जागेवर येऊ द्या.

तिसरा तुकडा सगळ्यात हुशारीचा. कठड्यावर उभं राहून पाण्यात उडी मारायची, बुडायचं, वर यायचं आणि मागे वळायचं. मागे! मुलांची ओढ पुढे असते. पडलेलं मूल समोर दिसणाऱ्या, लांबच्या टोकाकडे हातपाय मारतं, म्हणजे खोल पाण्याकडे. खरं तर ज्या कडेवरून पडलो ती हाताच्या अंतरावर असते. ''पडलास कुठून? तिकडेच जा,'' हे वाक्य सरांनी किती वेळा म्हटलं असेल याला गणती नाही.

बाराव्या दिवशी एका बाबांचा संयम सुटला. ''सर, त्या पलीकडच्या क्लबात मुलं अर्धा पूल पोहायला लागली. आपल्याकडे अजून किकिंग पण नाही?'' सर म्हणाले, ''किकिंग पुढच्या आठवड्यात. पण तुम्ही सांगा, तुमचा मुलगा पडणार आहे तो रेसमध्ये पडणार आहे का?'' बाबा गप्प. स्ट्रोक्सवर माझा राग नाही हो. सुंदर फ्रीस्टाइल बघायला मलाही आवडते. क्रम चुकतोय, एवढंच.

विहीर, डच पोरं आणि बांगलादेशातली तळी

आमच्या बाबांच्या पिढीला हा क्रम न सांगता कळला होता. गावातल्या विहिरीत उथळ भाग नसायचा. पाठीला सुकलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा, कमरेला दोर, आणि वरून काकांचा धक्का. आधी वर यायला शिकायचं, मग कपारीला धरायला, मग जमलं तर हात मारायला. या ढकलाढकलीचं मला कौतुक नाही. त्या धक्क्याने आयुष्यभर पाण्याला घाबरणारे काका प्रत्येक घरात एक तरी सापडतील, आणि मुलींना तर कित्येक गावांत विहिरीपाशी फिरकूच देत नसत. पण त्यातली एक गोष्ट आपण हरवून बसलोय. दोराचं दुसरं टोक कुणाच्या तरी हातात असायचं, आणि तो माणूस दुसरं काही करत नसायचा.

हॉलंडमध्ये गल्लोगल्ली कालवे. तिथे मुलांच्या पोहण्याचे ए, बी आणि सी असे तीन डिप्लोमे असतात आणि पहिल्याच डिप्लोमाला पोरांना कपडे आणि बूट घालून पाण्यात उतरवतात. तसंच पाण्यात उभं तरंगायचं, पोहायचं, स्वतःचं स्वतः बाहेर यायचं. पाण्याखाली उभी सोडलेली ताडपत्री असते, तिच्या भोकातून आरपार जायचं, म्हणजे पाण्याखाली डोळे उघडे ठेवून दिशा शोधायची सवय. सी डिप्लोमापर्यंत अंगावर जॅकेटसुद्धा चढतं. आयटीवाल्यांची अ‍ॅम्स्टरडॅमशेजारच्या अ‍ॅमस्टलवेनमध्ये मोठी वस्ती आहे. तिथे राहणारी माझी एक वर्गमैत्रीण सुरुवातीला वैतागली होती, 'बूट घालून कोण पोहतं गं?' आता तिची मुलगी तिसऱ्या डिप्लोमाला आहे आणि तीच मला विचारते, 'तुमच्याकडे कपडे घालून शिकवतात की नाही?'

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते बांगलादेशाने. तिथे घराच्या मागच्या दारातच तळं. 'सेंटर फॉर इंज्युरी प्रिव्हेन्शन अँड रिसर्च, बांगलादेश' या संस्थेने दोन गोष्टी केल्या. चार वर्षांवरच्या मुलांना गावच्याच तळ्यात, बांबूचा मचाण बांधून, 'स्विमसेफ' नावाने शिकवलं. पास होण्याची अट २५ मीटर पोहणं, ३० सेकंद तरंगणं आणि पाण्यात न उतरता दुसऱ्याला बाहेर काढणं. फुलपाखरू स्ट्रोक नाही, मेडल नाही. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शिकलेल्या मुलांत बुडून मृत्यूचं प्रमाण ९० टक्क्यांहून जास्त घटलेलं दिसलं. आणि चारच्या आतल्यांसाठी? त्यांना पोहायला शिकवलंच नाही. गावात 'आंचल' नावाची पाळणाघरं काढली, सकाळी नऊ ते दुपारी एक. कारण बहुतेक चिमुरडी याच वेळात बुडत होती, आई कामात असताना. पाळणाघरातल्या मुलांतही हे मृत्यू ८० टक्क्यांच्या आसपास कमी झाले. म्हणजे फार लहान मुलाला पाण्यापासून वाचवतो तो स्ट्रोक नाही, मोकळ्या हातांचं मोठं माणूस.

हे सांगायचं कारण ते व्हिडिओ. सहा महिन्यांचं बाळ पाण्यात पडतं, गर्रकन वळून उताणं होतं आणि शांत तरंगतं. खाली हजार हार्ट्स. ही पद्धत हार्वी बार्नेट यांनी १९६६मध्ये फ्लोरिडात सुरू केली, 'इन्फंट स्विमिंग रिसोर्स' नावाने. रोज दहा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, एका बाळाला एक शिक्षक. तिच्यावर वादही भरपूर आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना पूर्वी चार वर्षांच्या आत शिकवायलाच नको म्हणायची. २०१०मध्ये तिने भूमिका सैल केली आणि २०१९मध्ये सांगितलं की वर्षावरच्या मुलांना शिकवण्याचा फायदा होऊ शकतो. वर्षाच्या आतल्या बाळांना मात्र फायदा होतो याचा पुरावा नाही. २००९च्या एका अमेरिकी अभ्यासात एक ते चार वयातल्या शिकलेल्या मुलांचा धोका ८८ टक्क्यांनी कमी दिसला होता, पण त्यातली मुलं थोडी होती, त्यामुळे आकडा ऐकून हुरळू नका. आणि प्लीज, व्हिडिओ बघून रविवारी स्वतःच्या बाळावर प्रयोग करू नका. दोन-तीन वर्षांच्या मुलाला घेऊन तुम्ही स्वतः पाण्यात उतरा, बुडबुडे काढा, मजा करा. शिकणं चारच्या पुढे छान रुजतं.

फुगे, फाटक आणि फोन

दंडावरच्या फुग्यांविषयी माझं मत वाईट आहे. ते खेळणं आहे, सुरक्षेचं साधन नाही. निसटतात, फुटतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मुलाला पाण्यात उभं राहायची सवय लावतात. उभं अंग म्हणजे बुडणाऱ्याचं अंग. शिवाय मुलाला वाटतं, पाणी आपल्याला आपोआप वर ठेवतं. मैत्रिणीच्या मुलाला तेच वाटलं होतं. बोटीत, धरणाच्या पाण्यात मात्र लाइफ जॅकेटला पर्याय नाही, आणि तेही मुलाच्या मापाचं, पट्टे आवळलेलं, खांदे धरून वर उचललं तर कानापर्यंत न सरकणारं. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून एलिफंटाकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जण गेले. अशा प्रवासात 'अहो, गरम होतंय त्याला' हे कारण नको.

कॉश्च्यूम घेताना रंग बघा. आकाशी, पांढरा, राखाडी पाण्यात दिसेनासा होतो. भडक केशरी, पोपटी, गुलाबी उठून दिसतो. इन्स्टावर कसा दिसेल ते नंतर.

आता सोसायटीचा पूल. जाहिरातीत 'इन्फिनिटी', प्रत्यक्षात बेबी पूल आणि मोठा पूल यांच्यामध्ये फरशीची एक ओळ! ऑस्ट्रेलियात घरगुती पूललाही कायद्याने कुंपण लागतं, साधारण १.२ मीटर उंच, फाटक आपोआप बंद होणारं आणि कडी मुलाच्या हाताला न लागणारी. चारही बाजूंनी कुंपण असलं की लहान मुलं बुडण्याचं प्रमाण घटतं, हे तिथे बघितलं गेलंय. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाहुण्यांच्या पार्किंगवर दोन तास भांडण होतं. फाटकाच्या कडीला दोन मिनिटंही मिळत नव्हती. मी विषय काढला तेव्हा खजिनदारकाका म्हणाले, ''आपल्याकडे कधी झालंय का काही?'' तीन मीटिंगांनंतर स्प्रिंगवालं फाटक बसलं. आता ते विटेने अडवून उघडं ठेवू नका, अशी पाटीही लावावी लागली आहे. चालायचंच.

पार्टीला पूलभोवती वीस मोठी माणसं असतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं, बाकीचे एकोणीस बघतायत. त्यावर उपाय एकच. पाळी लावा. पंधरा-वीस मिनिटं एकाने फक्त पाण्याकडे बघायचं. फोन नाही, बिअर नाही, भजी नाहीत. उठायचं असेल तर दुसऱ्याला नाव घेऊन सांगायचं, 'आता तू.' पाच वर्षांखालचं मूल पाण्यात असेल तर त्याच्याबरोबर कुणीतरी हाताच्या अंतरावर, पाण्यातच. लाइफगार्ड असला तरी.

बाहेरचं पाणी वेगळं

पावसाळ्यात आपण लोणावळ्याला, ताम्हिणीला जातो, तेव्हा यातलं निम्मं शिक्षण लागू पडत नाही. ३० जून २०२४च्या रविवारी भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात पाणी अचानक वाढलं आणि एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात चार मुलं होती. अशा लोंढ्यात उत्तम पोहणाऱ्याचंही काही चालत नाही. तिथे धडा आहे तो पाण्यात न उतरण्याचा. वर डोंगरावर ढग असतील तर ओढ्याच्या मध्यात सेल्फी नको. शेततळ्याचंही तसंच. फार्मस्टेला गेलात की ते निळं प्लास्टिक छान दिसतं, पण ओल्या प्लास्टिकच्या उतारावर ना हात ठरतो, ना पाय. आत गेलेला मोठा माणूसही वर चढू शकत नाही. कडेला दोर किंवा टायरची शिडी सोडलेली आहे का, ते आधी बघा.

आणि एकामागून एक उडी! ७ मे २०२२ला डोंबिवलीजवळ संदपच्या खाणीत कपडे धुवायला गेलेल्या एकाच कुटुंबातले पाच जण गेले. एक मूल पाण्यात पडलं आणि बाकीचे त्याला काढायला गेले. म्हणून बांगलादेशातल्या त्या तिसऱ्या अटीचं मला फार मोल वाटतं. मुलांना शिकवायचं ते हे : मित्र पडला तर आपण उतरायचं नाही. ओरडायचं, मोठ्यांना बोलवायचं, काहीतरी फेकायचं. ओढणी, काठी, रिकामा कॅन, बूच लावलेली मोठी बाटली, फुटबॉल. पोटावर झोपून काठी पुढे करायची, म्हणजे आपणच ओढले जात नाही.

मूल बाहेर काढल्यावर काय? मैत्रिणीच्या मुलाला दोघा काकांनी पाय धरून उलटं लटकवलं होतं. आपल्याकडे हे सर्रास चालतं. पोट दाबणं, गरागरा फिरवणं, सगळं बंद करा. पोटातलं पाणी काढायच्या नादात वेळ जातो, उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ शकते. मूल प्रतिसाद देत नसेल, श्वास नसेल तर त्याला पाठीवर, कडक जमिनीवर ठेवा. बुडालेल्याला सगळ्यात आधी हवा हवी असते, म्हणून आधी तोंडाने श्वास, अमेरिकी पद्धतीत दोन, युरोपीय पद्धतीत पाच. मग छातीवर ३० दाब, पुन्हा दोन श्वास, असं चालू ठेवायचं. दुसऱ्याने १०८ लावायचा. हे वाचून येत नाही. रेड क्रॉस आणि सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचे प्रथमोपचाराचे कोर्स असतात. ऑफिसच्या एचआरला सांगा, टीम बिल्डिंगमध्ये एकदा बोलिंगऐवजी हे ठेवा. आणि मूल शुद्धीवर असलं, पण खोकतंय, धाप लागतेय, मलूल झालंय, तर घरी न नेता दवाखान्यात न्या.

तर कोचला काय विचारायचं? तरंगायला कधी शिकवता, मूल पाठमोरं पडलं तर काय करायला शिकवता, कठड्यावरून वर चढवता का, गॉगल काढून घेता का, कपड्यांत एकदा तरी उतरवता का, आणि एका वेळी तुमच्यापाशी मुलं किती. 'एकवीस दिवसांत गॅरंटी' असं उत्तर आलं तर दुसरीकडे चौकशी करा. आणि हे एकदाच शिकून राहत नाही. मधे आठ महिने पाणी बघितलं नाही की चार वर्षांचं मूल बरंच विसरतं. दर सीझनला सुरुवात पुन्हा खेकड्यापासून.

शेवटच्या रविवारी सरांनी सगळ्यांना कपड्यांत बोलावलं. कुणी शाळेच्या युनिफॉर्ममध्ये, एक जण चक्क रेनकोटमध्ये. भाची फ्रॉक, लेगिंग आणि चपला घालून. सर पाण्यात, त्यांचा मदतनीसही पाण्यात. पोरांनी कठड्याकडे पाठ करून एकेक पाऊल मागे टाकायचं. भाचीबाई पडल्या. फ्रॉक फुग्यासारखा वर आला, डोकं दिसेना, मी खुर्चीवरून उठले. मग फ्रॉकच्या घोळातून नाक बाहेर आलं. ठसका, भोकाड, पण पोट वर. एक कावळा, दोन कावळे. मग वळली, कठडा धरला, खेकडा झाली, कोपर, कोपर, पोट, गुडघा. पाणी निथळत, माझ्यावर भयंकर चिडून उभी राहिली. तेवढ्यात तिला दिसलं की एक चप्पल पाण्यातच तरंगतेय. ती तिकडे धावली, कठड्यापासून चार पावलांवर थबकली आणि जोरात ओरडली, ''सर, चप्पल पडली!''